ऊसतोडीच्या तळावरची मुलं: १०९८ ला फोन करू, की शाळा काढू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला आहात. कारखान्याशेजारच्या तळावर बीडकडच्या टोळ्या उतरल्यात आणि त्यांच्यासोबतची तीस-पस्तीस मुलं शाळेत जात नाहीत. दहा वर्षांची मुलगी भाकरी थापते, बारा वर्षांचा मुलगा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतो, हे तुम्ही रोज बघता. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करावा, की सहकाऱ्यांकडून वर्गणी काढून तळावरच शाळा सुरू करावी, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेतकी विभागातले लोक सांगतायत, ‘यात पडू नका, टोळ्या पळून जातील.’

मी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करते. पावसाळा संपताना बीडच्या गावांत असते आणि हंगामात तळांवर. तुमच्यासारखा प्रश्न दर जानेवारीत कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर थोडं लांबतं, कारण ‘फोन की शाळा’ याच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो: ते मूल तिथे नेमकं कुणाचं काम अंगावर घेऊन बसलंय? हे कळलं की फोन कधी करायचा, शाळेचं काय करायचं आणि कारखान्याकडून काय मागायचं, हे बरंचसं आपोआप सुटतं.

चहाच्या टपरीवर कपबश्या विसळणारा पोरगा आणि तळावरची मुलगी, कायद्याच्या पुस्तकात दोघंही बालकामगारच. पण टपरीवर मालक गल्ल्यावर बसलेला दिसतो. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवणं गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तळावर हा गुन्हा लावायचा कुणाला? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) दिली ती नवरा-बायकोच्या कोयत्याला (तोडणाऱ्या जोडीला), पोराला नाही. आणि आई म्हणते, माझंच लेकरू आहे, मागं कुणाकडं ठेवू? गंमत अशी की चौघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण तुमचे सहकारी तो पुढे करतीलच: ‘मुलं घरच्यांना मदत करतात, त्याला कायद्याची परवानगी आहे.’ परवानगी आहे ती कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, तीही शिक्षणाला धक्का न लागता. २०१७ च्या नियमांनी ती आणखी आवळली. धंद्याचं मालक कुटुंब स्वतः असलं पाहिजे, शाळेच्या वेळेत काम नको आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत अजिबात नको. ऊसतोडीत फड, म्हणजे उसाचं शेत, शेतकऱ्याचा, ऊस कारखान्याचा, मजुरी टनावर, आणि काम सुरू होतं पहाटे तीन-चारला. यातली एकही अट बसत नाही. तेव्हा ‘घरचं काम’ हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

आता तळावर नीट बघा. शक्य असेल तर एखाद्या दिवशी पहाटे फडावर जा. बाप ऊस तोडतो, आई पाचट काढून मोळ्या बांधते, किंवा दोघंही तोडतात. जोडी मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. गाडीच्या सावलीत झोळी बांधलेली असते, तिच्यात सात-आठ महिन्यांचं बाळ, आणि झोळीची दोरी ओढत आठ-नऊ वर्षांची बहीण. तिला विचारलं तर ती म्हणते, ‘मी काय काम न्हाई करत.’ आईही तेच सांगते. जनगणनेवाला आला असता तरी त्यानं तेच लिहिलं असतं. २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची मुख्य काम करणारी मुलं ४३ लाखांवर निघाली, आणि वर्षातले काही महिनेच काम करणारी धरली तर आकडा कोटीच्या वर गेला. झोळीची दोरी धरणारी मुलगी यातल्या कुठल्याच रकान्यात सापडण्याची शक्यता कमी.

पण तिनं दोरी सोडली तर काय होईल? आईला कोयता खाली ठेवावा लागेल. म्हणजे अर्धा कोयता. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. चांगल्या उसात, चांगल्या दिवशी एक जोडी दीड-दोन टन पाडते. दोन टन धरले तरी दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे रुपये, तेही पहाटेपासून रात्री गाडी खाली होईपर्यंतचे. हे पैसे हातात येत नाहीत, लाखाच्या घरातल्या उचलीतून वजा होतात. आई बसली तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर जाते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही तर खाडा धरून मुकादम वर पैसे कापतो, ते वेगळंच. नऊ वर्षांची मुलगी त्या कुटुंबाचा निम्मा कोयता चालू ठेवते, आणि तिच्या नावावर एक रुपयाही लागत नाही.

वाढ्यांचंही तसंच. उसाचा शेंडा म्हणजे वाढं, जनावरांचा चारा. मोळ्या बांधून झाल्या की वाढे गोळा करून पेंढ्या बांधायच्या आणि दूधवाल्या शेतकऱ्यांना, रस्त्यावर थांबणाऱ्या गिऱ्हाइकांना विकायच्या, हे काम बहुतेक पोरांचं. मजुरी उचलीत जात असल्यामुळे रोजचं तेल-मीठ, भाजी, मोबाईलचं रिचार्ज, पोराला ताप आला तर डॉक्टरची फी, हे सगळं वाढ्याच्या पैशांतून निघतं. तुम्ही बारा वर्षांच्या ज्या मुलाबद्दल लिहिलंय तो घरचा चालू खर्च भागवतोय. त्याच्या वडिलांना ‘मुलाला शाळेत घाला’ असं सांगाल तेव्हा त्यांच्या कानावर काय पडतं, हे यावरून कळेल.

म्हणून ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. माझ्या बघण्यातल्या बहुतेक आया पोरीला शाळेत घालायला एका पायावर तयार असतात. त्या विचारतात एवढंच, की बाळाकडं कोण बघणार?

आता तुमच्या पहिल्या पर्यायाकडे, फोनकडे येते.

१०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रयोगातून. पुढे ती देशभर गेली. पूर्वी फोनवर धावून जाणारे बहुतेक स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते असत. २०२३ पासून ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आणि काम राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आलं. फोन केला की मुलाला कामावरून काढतात, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभं करतात आणि समिती ठरवते: पालकांकडे, बालगृहात, की आणखी कुठे. बाल न्याय कायद्याचा कल, आणि तो योग्यच आहे, मूल शक्यतो कुटुंबात राहावं असा आहे.

आईबाप तळावरच असलेल्या मुलांच्या बाबतीत मग होतं काय? मुलं एक-दोन रात्री बालगृहात राहतात. आईबापाचे दोन-तीन दिवस बुडतात, खाडे पडतात. समितीपुढे हमीपत्र लिहून ते मुलांना घेऊन जातात. पहिल्या वेळी आईबापांना शिक्षा नाही, पुन्हा घडलं तर दहा हजारांपर्यंत दंड. मुकादम टोळी उचलून पलीकडच्या कारखान्याच्या हद्दीत नेतो. तळ रिकामा दिसतो, कागदावर कारवाई दिसते, आणि तीच मुलगी वीस किलोमीटरवर तीच दोरी ओढत असते. आई मात्र आता अनोळखी माणूस दिसला की पोरीला कोपीत, म्हणजे राहत्या झोपडीत, लपवते. पुढे तिथं शिक्षक किंवा आशाताई गेल्या तरी मुलं मोजायला सापडत नाहीत.

बांगलादेशात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. बालमजुरांच्या हातून तयार झालेल्या मालाची आयात बंद करण्याचं विधेयक १९९२-९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटर टॉम हार्किन यांनी मांडलं. ते मंजूर व्हायच्या आधीच तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांनी घाबरून मुलांना काढून टाकलं. अंदाज पन्नास हजारांच्या आसपासचे आहेत. युनिसेफच्या लोकांनी नंतर शोध घेतला तेव्हा त्यातली काही मुलं खडी फोडताना, काही रस्त्यावर, काही त्याहून वाईट ठिकाणी सापडली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा करार झाला तेव्हा क्रम सुधारला: आधी शाळेत जागा आणि घरी थोडं विद्यावेतन, मग काम बंद. आमच्या क्षेत्रात हा किस्सा घासून गुळगुळीत झालाय, तरी जानेवारीत उत्साहात असलेल्या माणसाला तो सांगावाच लागतो.

याचा अर्थ फोन करूच नका, असा मुळीच नाही. काही प्रसंगी दुसरं काही करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. मुलासोबत आईबाप नाहीत, काका-मामाच्या किंवा मुकादमाच्या ‘ओळखीचं’ म्हणून आलंय. बाप वारला किंवा आजारी पडला आणि त्याची उचल फेडायला पोराला आणलंय. मारहाण आहे, अत्याचाराची शंका आहे. तळावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची कुजबुज आहे. यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी फोन करा, कुणाला विचारत बसू नका. २०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी मुलांना थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढपाळांकडे राबायला नेल्याची प्रकरणं उघड झाली, तीही याच प्रकारची: मूल आईबापापासून तोडलेलं आणि दिलेल्या पैशाला बांधलेलं. अशा वेळी नुसता बालकामगार कायदा पुरत नाही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लावायला सांगा. कलम ७९ अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना बालकामगार कायदा खाणी, स्फोटकं, धोकादायक प्रक्रिया एवढ्यापुरताच संरक्षण देतो, म्हणून उचलीला बांधलेल्या सोळा वर्षांच्या मुलासाठी ७९ महत्त्वाचं. वेठबिगारीत तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पुनर्वसनाची सगळी मदत त्या कागदापासून सुरू होते.

तुमच्या तीस-पस्तीसमध्ये असं एखादं मूल असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला शोधण्यासाठी आधी नावनिशीवार यादी लागेल. यादीबद्दल शेवटी लिहिते.

आता शाळेबद्दल. २००० नंतरच्या दशकात बऱ्याच कारखान्यांवर साखरशाळा, म्हणजे तोडणी मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळा, चालत. चांगल्या शिक्षकांनी त्यांत जीव ओतला आणि काही मुलं त्यामुळेच शिकली, हे मी नाकारणार नाही. पण पाच इयत्तांची मुलं एका कोपीत, पाटी फुटलेली, फड लांब गेला की आज वीस तर उद्या सहा, आणि मार्चमध्ये गावी परतल्यावर तिथली शाळा विचारते, तुमचा दाखला कुठाय? एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि तेव्हापासून भर असा की मूल नेहमीच्या शाळेत दाखल व्हावं. मला हे धोरण पटतं. तुमच्या वर्गणीची शाळा तुमची बदली होईपर्यंत चालेल. दोन-तीन किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची शाळा तिथंच राहील.

त्या शाळेला मुलं नाकारता येत नाहीत. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं सरलंय, यातलं एकही कारण कायद्याला मान्य नाही. वयानुरूप वर्गात बसवायचं, एवढंच. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे: गावची शाळा कार्ड देते, ते दाखवून इथल्या शाळेत बसायचं आणि परत जाताना इथली हजेरी तिथं धरायची. आता खरं सांगायचं तर बहुतेक कार्डं पत्र्याच्या पेटीत पडून असतात, नाहीतर मिळालेलीच नसतात. इथल्या मुख्याध्यापकांनाही धास्ती असते. वीस मुलं पटावर घ्यायची, ती आठवड्यानं गायब झाली तर गैरहजेरीचा जाब त्यांनाच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्यासोबत परिसरातल्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांना भेटा. मुलं कार्डावर ‘तात्पुरती’ बसणार आणि मूळ नोंद गावच्या शाळेतच राहणार, हे कागदावर स्पष्ट झालं की बरेच मुख्याध्यापक मोकळे होतात.

मग उरतं अंतर. तळापासून शाळा तीन किलोमीटर, मध्ये उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता. सात वर्षांच्या पोराला त्या रस्त्यानं मीही पाठवणार नाही. इथं तुमचा कारखाना कामाला येतो. दिवसभर शेकडो वाहनं हलवणाऱ्या संस्थेला सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला एक जीप देणं जड नाही. वर्गणी काढायचीच असेल तर जीपच्या डिझेलसाठी काढा.

पण जीप आली तरी बाळाची बहीण तिच्यात बसणार नाही, आणि तुमच्या दोन्ही पर्यायांत नेमकं हेच राहून गेलंय. तळावर एकच गोष्ट करता येण्याजोगी असेल तर पाळणाघर काढा. पहाटे चारला उघडणारं, दहाला नव्हे. तळावरच्याच दोन वयस्क बायका त्यात पगारावर ठेवा. प्रत्येक टोळीत एखादी सासू असतेच, जिच्यानं आता कोयता होत नाही. बाळांना पेज-खिचडी, दूध, झोपायला स्वच्छ जागा. जवळच्या अंगणवाडीत या बाळांची नोंद करून घ्या, पोषण आहारावर त्यांचाही हक्क आहे. पाळणाघर नीट चाललं की आठवड्याभरात सात ते बारा वयाच्या चार-पाच मुली मोकळ्या होतात. त्यांना शाळेत ने म्हणून आईला समजवावं लागत नाही, ती स्वतःच विचारते जीप किती वाजता येते.

बाकीची कामंही अशीच एकेक उलगडून बघा. भाकरी थापणारी मुलगी पहाटे पाणी भरते, कारण नळ किंवा टाकी लांब आहे. सरपण गोळा करते, कारण गॅस गावच्या घरी राहिलाय. रात्री आईसोबत जागी राहते, कारण संडास नाही आणि अंधारात उसात जायची भीती आहे. तळावर पाणी, दिवे, संडास आले की तिचे दोन-तीन तास सुटतात. यांतलं एकही काम ‘बालमजुरी निर्मूलन’ या नावाखाली कारखान्याच्या सभेत मांडायची गरज नाही. ‘तळावरच्या सोयी’ म्हणून मांडा. मंजुरी लवकर मिळते, आणि तुमची नोकरीही शाबूत राहते.

वाढ्यांचं काम मात्र याने सुटत नाही, हे कबूल करते. तिथं पैशाचा प्रश्न आहे. शाळा सुटल्यावर तासभर पेंढ्या बांधणाऱ्या मुलाशी मी वाद घालत नाही. शाळेच्या वेळेत बांधणार नाही, एवढ्यावर बापाशी तडजोड करते. कायद्याच्या चौकटीत ही तडजोड बसत नाही. काही सहकारी मला यासाठी बोलही लावतात. आंध्रात, आताच्या तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात, शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशननं नव्वदच्या दशकात भूमिका घेतली की शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालकामगारच, मग ते मजुरी करो की घरी बाळ सांभाळो. तिथल्या अतिशय गरीब कुटुंबांनी मुलं शाळेत घातलीही. त्या भूमिकेनं आमच्यासारख्यांची नजर बदलली, झोळीची दोरी आम्हाला दिसायला लागली ती तेव्हापासून. पण त्यांच्याकडे मुलं गावातच होती. तळ दर महिन्या-पंधरा दिवसांनी हलतो, तिथं शाळेची वेळ वाचली तरी मी पुष्कळ समजते. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं.

‘टोळ्या पळून जातील’ या भीतीचं काय? धाडी पडल्या तर पळतील, यात शंका नाही. पाळणाघरामुळे टोळी पळाल्याचं मी पाहिलेलं नाही. तोडणी मजूर मिळत नाहीत म्हणून कारखाने हार्वेस्टरच्या मागे लागलेत, मुकादमांची पळवापळवी चाललीय. पाणी, दिवे आणि बाळाची सोय असलेल्या तळावर बायका पुढच्या वर्षी पुन्हा यायचा आग्रह धरतात, आणि कोयत्यातली निम्मी ताकद त्यांची असते. शेतकी अधिकाऱ्यांना हे असंच, त्यांच्या फायद्याच्या भाषेत सांगा.

आता एक गोष्ट तुमच्या हाताबाहेरची, पण सगळ्यात मोठी. तळावर तुम्ही कितीही केलं तरी ते हंगामाच्या मध्यावर केलेलं काम आहे. मूल गाडीत बसतं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केजच्या गावांत. तिथंच ते मागं राहिलं तर पुढचं काही करावंच लागत नाही. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी इमारत नसते. मूल आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपतं, शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा व्यवस्थापन समिती बघते. साधी आणि शहाणी योजना. ती फसते तारखेवर. गाड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुटतात आणि मंजुरी, निधी, सर्वेक्षण करता करता डिसेंबर उजाडतो. तोवर ज्या आजीच्या भरवशावर मूल ठेवायचं तीही टोळीसोबत स्वयंपाकाला निघून गेलेली असते. २०२१ मध्ये राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, मुलांचं आणि मुलींचं वेगळं, प्रत्येकी शंभर जागांचं. मोठ्या मुलांना ती उपयोगी आहेत. पहिली-दुसरीतलं पोर मात्र तालुक्याला एकटं राहत नाही, त्याला गावातलंच जेवण हवं.

मुलींचं आणखी अवघड. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ऐंशीच्या आजीवर सोपवून सहा महिने जायची कुठल्याच आईची छाती होत नाही. मग दोनच वाटा राहतात: सोबत न्यायची किंवा उजवून टाकायची. लग्न झालं की पुढच्या हंगामाला एक नवा कोयता तयार आणि नवी उचल. कुठल्याही गावात मी मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न विचारते तो सातवी-आठवीच्या मुली रात्री कुठं झोपतील हा. त्याचं उत्तर असेल तर बाकीचं जमतं.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आमच्या कार्यशाळांत हा दंड कुणीतरी हमखास काढतं: आताही लावा की! त्या दंडाआधी महाराजांनी गावोगाव शाळा काढायला घेतल्या होत्या, हे सांगायला मात्र लोक विसरतात.

तेव्हा या हंगामात, म्हणजे आतापासून दोन-अडीच महिन्यांत, तुम्ही काय करावं? संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी तळावर जा, जमलं तर घरच्या बाईमाणसाला किंवा आशाताईला सोबत घ्या. फोटो काढू नका. वहीत प्रत्येक मुलाचं नाव, अंदाजे वय, गाव, शाळा, इयत्ता, सोबत कोण आहे आणि दिवसभर काय करतं, एवढं लिहा. ‘सोबत कोण’ या रकान्यात आई किंवा बाप नसेल त्या नावाला खूण करा. तीच तुमची फोनची नावं. लहान बाळ असलेल्या घरांना वेगळी खूण करा. ती पाळणाघराची. बाकीची जीपची. मग गावच्या शाळांना फोन लावा. बीडकडच्या बहुतेक मुख्याध्यापकांना आपली मुलं कुठल्या कारखान्याला गेलीत हे ठाऊक असतं, आणि मूल सापडलं याचा त्यांना आनंदच होतो. नियमाप्रमाणे मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं की मुख्याध्यापकांनी बालकामगार कायद्याखालच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ते कुणी कळवत नाही, पण तुमची यादी हातात आली की त्यांना तसं पत्र लिहायला निमित्त मिळतं, आणि दोन जिल्ह्यांच्या दप्तरात एकाच मुलाची नोंद झाली की ते सहजी हरवत नाही.

वह्या-पेन, स्वेटर, खाऊ वाटायचा विचार असेल तर तो शाळेत वाटा, तळावर नको. तळावर वाटलेल्या वस्तूंसाठी पुढच्या रविवारी बाहेरून चार पोरं जास्त आणली जातात.

आणि मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, आणि टोळ्या गाड्या भरायला लागल्या की त्या आठवड्यात सुट्टी टाकू नका. इथल्या शाळेतून प्रत्येक मुलाच्या हजेरीचा आणि झालेल्या अभ्यासाचा सही-शिक्क्याचा कागद घ्या, एक प्रत आईच्या हातात द्या आणि दुसरी गावच्या मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲप करा. तो कागद नसला की चौथीतलं मूल जूनमध्ये पुन्हा चौथीतच बसतं. सप्टेंबरमध्ये त्याच यादीवरून मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, यातली किती मुलं यंदा मागं राहणार आणि त्यांच्या जेवणाची मंजुरी आली का. आली नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचा नंबर तेच देतील. इतक्या लांबच्या कारखान्यातून कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर फाईल जरा लवकर हलते.